टिलीचा उजवा डोळा

बिन्नाडिलमध्ये व्हर्ना ट्रेगिअरला ‘आंधळ्यांची आई’ म्हणत. हे नाव पाद्रीबाबांनी एका रविवारी भर प्रवचनात दिलं होतं आणि तेव्हा व्हर्नाने मान खाली घालून हातमोज्याचं बटण चाचपलं होतं. पुढे त्या लाजण्याची आठवण झाली की तिला स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटे.

तिच्या परसात तारेच्या कुंपणाआड सात कांगारू होते. सातही पूर्ण वाढलेले, सातही आंधळे. डाव्या खांद्याने तार घासत ते दिवसभर कुंपणाच्या कडेकडेने हिंडत. तिथल्या मातीत त्यांच्या येरझाऱ्यांनी पन्हळ पडली होती. माळावर सोडले असते तर पहिल्या दिवशीच रानकुत्र्यांच्या तोंडी गेले असते, म्हणून ठेवून घेतलेले. चौदा वर्षांत तिच्या हाताखालून तेवीस पिल्लं गेली. काही मेली, काही नवऱ्याने, क्लेमने, बंदुकीने सोडवली, थोडी धड डोळ्यांनी रानात गेली, आणि हे सात राहिले.

मेंढ्यांच्या ट्रकखाली एखादी कांगारूची मादी आली की ड्रायव्हर उतरून तिच्या पोटाची पिशवी चाचपायचा. आत काही हललं तर ते टोपीत घालून व्हर्नाच्या दारात. ती जुन्या स्वेटरची पिशवी शिवायची, खुर्चीच्या पाठीला टांगायची आणि गायीचं दूध काढायला जायची. गावातल्या इतर बायका डब्यातली दुधाची पावडर कालवत. व्हर्ना आपल्या डॅफ्नीचं धारोष्ण दूध पाजायची, आणि तसं चारचौघींत बोलूनही दाखवायची.

किती दूध, किती वेळा, हे सगळं ॲव्हिसच्या कार्डावर होतं. ॲव्हिस म्हणजे क्लेमची थोरली बहीण. नवरा गेल्यापासून नऊ वर्षं ती यांच्याच घरात पूर्वेकडच्या खोलीत राहत होती. तिने ते कार्ड अठरा वर्षांपूर्वी लिहिलं, शाळेतल्या यंत्रावर त्याच्या प्रती काढल्या आणि आता चाळीस स्वयंपाकघरांत ते फ्रीजवर चिकटवलेलं होतं. एक कप दूध, अर्ध्या अंड्याचा बलक, माशाच्या तेलाचे दोन थेंब. खाली, दोनदा अधोरेखित: पिल्लू मलूल वाटलं, डोळ्यांचं तेज कमी झालं, तर दूध दाट करावं, साय घालावी.

आणि डोळे जायचेच. माणसांत वाढलेल्या कांगारूचे डोळे जातात, हे बिन्नाडिलमध्ये लहान पोरालाही ठाऊक होतं. कुणी म्हणे चुलीचा धूर लागतो, कुणी म्हणे दिव्याचा उजेड सोसत नाही, कुणी म्हणे आईसाठी रडून रडून जातात. म्हणून पुष्कळ बायका पिल्लाची पिशवी कपडे धुण्याच्या अंधाऱ्या खोलीत टांगत. एवढी काळजी घेत!

त्या वर्षीच्या हिवाळ्यात डॅफ्नीची कास सुजली आणि नवा जनावरांचा डॉक्टर आला. रॉस कॅलॉवे, सत्तावीस-अठ्ठावीसचा, कान मोठे. त्याने गाय पाहिली, औषध दिलं, हात धुताधुता परसाकडे बघितलं आणि नळ तसाच चालू राहिला.

“हे सगळे तुम्ही वाढवलेत?”

“सगळे,” व्हर्ना म्हणाली. पुढचं कौतुक ऐकायची तिला सवय होती.

“कशावर?”

“दुधावर. आणखी कशावर? आत्ता तुम्ही जिच्या कासेला हात लावलात तिच्याच.”

कॅलॉवेने नळ बंद केला. हात पुसायला त्याने फार वेळ लावला. मग म्हणाला, “मिसेस ट्रेगिअर, हे मी गोड करून सांगू शकत नाही. गायीच्या दुधात एक साखर असते. पोटात गेल्यावर तिचे दोन तुकडे होतात. त्यातला एक तुकडा जिरवायची सोय वासराच्या अंगात आहे, माणसाच्या बाळाच्या अंगात आहे. कांगारूच्या पिल्लात ती फार तोकडी. मग ती साखर रक्तात फिरत राहते आणि डोळ्यातल्या भिंगात शिरते. तिथे तिचं रूप पालटतं आणि तिला बाहेर पडता येत नाही. आत बसून ती पाणी ओढते. भिंग फुगतं, ढवळतं, पांढरं होतं.”

“म्हणजे?”

“म्हणजे दुधाने.”

“हे कधीपासून कळलंय लोकांना?”

“छापून येऊन दोन वर्षं झाली असतील.”

“कुठे छापलंय?”

“विद्यापीठाच्या मासिकात.”

“आमच्या टपालात ते मासिक येत नाही, मिस्टर कॅलॉवे. आमच्याकडे मेंढ्यांचे भाव येतात आणि मयताची पत्रं येतात. दोन वर्षं! दोन वर्षांत कुणाला एका पोस्टकार्डावर चार ओळी खरडता आल्या नाहीत? नीघ तू. नीघ माझ्या अंगणातून.”

तो निघाला नाही. उलट त्याने विचारलं, “आत्ता एखादं पिल्लू आहे का दूध पिणारं?”

होतं. टिली. पाच आठवड्यांपूर्वी आलेली, अजून पुरती लव न फुटलेली, कान शरीरापेक्षा मोठे. स्वयंपाकघरात चुलीजवळच्या खुर्चीला तिची पिशवी टांगलेली होती. कॅलॉवेने छोट्या बॅटरीने तिच्या डोळ्यांत पाहिलं. दोन्ही बाहुल्यांच्या आत, काचेवर श्वास सोडल्यावर उमटतं तसलं, निळसर धुकं होतं. व्हर्नाने ते चार दिवसांपूर्वीच पाहिलं होतं. आणि कार्डाबरहुकूम साय वाढवली होती.

“आज दूध बंद केलं तर हे मागे फिरू शकतं,” कॅलॉवे म्हणाला. “फिरेलच असं नाही. पण एकदा मोत्यासारखं पांढरं झालं की संपलं. तुमच्या हातात थोडे आठवडे आहेत. ज्या बाळांना दूध सोसत नाही त्यांच्यासाठी सोयाबीनची पावडर मिळते औषधांच्या दुकानात. ती द्या. दुसरा एक थेंबही नको.”

संध्याकाळी जेवताना व्हर्नाने हे सांगितलं. क्लेम मटणाच्या तुकड्यावर सुरी चालवत होता. तो म्हणाला, “मी म्हटलं होतं एकदा.”

“काय म्हटलं होतंस?”

“मेजरला आणलंस तेव्हा, परसातल्या सातांतला पहिला. म्हटलं, वासराचं दूध कांगारूला कसं चालेल. तुम्ही दोघी हसलात.”

“एकदाच म्हणालास?”

“तुम्ही हसलात ना.”

“माणसाने दोनदा म्हणू नये, क्लेम?” व्हर्नाच्या हातातलं भांडी पुसायचं फडकं त्याच्या ताटाला लागून खाली पडलं. “कुंपणाचा खांब वाकडा आहे हे तू मला महिनाभर रोज सांगतोस. हे एकदाच सांगितलंस!”

ॲव्हिस मात्र शांतपणे बटाटा कुस्करत होती. “तो कॅलॉवे,” ती म्हणाली, “मी कार्ड लिहिलं तेव्हा शाळेत बाहीला नाक पुसत होता. दूध सोसत नाही म्हणे! उद्या सांगेल, माशांना पाण्याने सर्दी होते.”

“डोळ्यांवर धुकं आहे, ॲव्हिस.”

“असतंच. ते जातं किंवा राहतं. अठरा वर्षं बघतेय मी.”

“जाताना कधी पाहिलंस?”

ॲव्हिसने मीठ मागितलं.

दुसऱ्या दिवसापासून सोयाबीनची पावडर आली. टिलीला ती आवडली नाही. तोंड फिरवायची, बाटलीची रबरी बोंडी चावायची, पिशवीत डोकं खुपसून मांजरासारखं चिरकायची. ॲव्हिस चुलीपाशी विणकाम घेऊन बसायची आणि सुईगणिक एकेक वाक्य टाकायची.

“पिठाचं पाणी पाजतेय बिचारीला.”

व्हर्ना बाटली पुसून पुन्हा टिलीच्या तोंडाशी धरायची.

“बरगड्या मोजून घे म्हणावं, क्लेम, आत्ता मोजता येतील.”

“ॲव्हिस, तू गप्प बसशील का?”

“मी कुठे काय बोलतेय? माझ्या भावाच्या घरात मला उपाशी पिल्लाचं रडणंही ऐकायची चोरी.”

पण चौथ्या दिवशी टिली रडायची थांबली. वजन वाढायला लागलं. व्हर्ना तिला पिठाच्या काट्यावर ठेवायची आणि कॅलेंडरवर आकडा लिहायची. आठव्या दिवशी तिला इतका आनंद झाला की तिने ॲव्हिसला स्वतःहून चहा करून दिला. “बघ, मानवली पावडर.” ॲव्हिसने चहा घेतला, “चांगलं आहे,” म्हणाली आणि विणकामाचे टाके मोजत राहिली.

दहाव्या दिवशी व्हर्ना टिलीला घेऊन चाळीस मैल गाडी हाकत कॅलॉवेकडे गेली. त्याने बॅटरी लावली, एकदा, दोनदा.

“वाढलंय,” तो म्हणाला. “उजव्यात जास्त.”

“मग तुझी पावडर काय कामाची?”

“मिसेस ट्रेगिअर, दुसरं काही पोटात जातंय का तिच्या?”

“माझ्या घरात? माझ्या डोळ्यांदेखत?” ती ओरडली आणि पिशवी उचलून बाहेर पडली. गाडीत बसल्यावर मात्र तो प्रश्न शेजारच्या सीटवर येऊन बसला तो उतरेचना.

बुधवारी चर्चच्या बायकांचं शिवणकाम असे. व्हर्ना दर बुधवारी दुपारी जायची, टिली ॲव्हिसपाशी ठेवून. त्या बुधवारी ती फाटकापर्यंत गेली, गाडी बंद केली, तिथेच दहा मिनिटं हातावर हात ठेवून बसली आणि मग पायीच परत आली.

कपडे धुण्याच्या खोलीत ॲव्हिस पालथ्या बादलीवर बसली होती. मांडीवर टिली, हातात बाटली. बाटलीच्या गळ्याशी सायीचं पिवळं कडं. टिली डोळे मिटून ओढत होती आणि ॲव्हिस तिच्या कानामागे बोटाने खाजवत म्हणत होती, “पी गं राणी, पी. ती आली की पुन्हा तुझं पिठाचं पाणी.”

व्हर्नाने बाटली हिसकली. दूध भिंतीवर उडालं. टिली दचकून ॲव्हिसच्या झग्यात घुसली.

“किती दिवस?”

“उपाशी होती ती.”

“किती दिवस, ॲव्हिस!”

“चौथ्या दिवसापासून. दिवसातून दोनदा, तू धारा काढायला गेलीस की. तुझ्याच्याने बघवत असेल, माझ्याच्याने नाही.”

“म्हणून वजन वाढत होतं. आणि मी मूर्ख आकडे लिहीत होते. तुला चहा करून दिला मी!”

“अंगावर मांस चढलंय की नाही तिच्या?”

“डोळे जातायत तिचे! मांसाला काय करू, भाजून खाऊ?”

ॲव्हिस उठली. एकाहत्तर वर्षांची बाई, पण उंच. “माझ्यावर ओरडू नकोस, व्हर्ना. तू कोण मला शिकवणार? पहिलं पिल्लू तुझ्या हातात मी दिलं. बाटली कशी धरायची ते मी दाखवलं.”

“हो, तूच दाखवलंस.”

“मग?”

“मग काही नाही. तू दाखवलंस, मी पाजलं. बाहेर जाऊन बघ जरा, काय पाजलं ते.”

“तो म्हणतो ते खरं असेल तर…” ॲव्हिस बोलता बोलता थांबली. पुन्हा बोलली तेव्हाही आवाज चढाच होता. “खरं असेल तर मी अठरा वर्षं काय करत होते? सांग ना. चाळीस घरांत कार्ड आहे माझं. लोक मला पत्रं लिहितात. मी काय केलं म्हणतेस तू?”

दुसरी कुणी असती तर इथे हात धरला असता. व्हर्नाच्या मनात आलंही. पण टिलीच्या हनुवटीवर दुधाचा थेंब होता, आणि तो पुसताना तिला काही सुचेना एवढा संताप आला. “आंधळे केलेस,” ती म्हणाली. “मीसुद्धा केले. फरक एवढाच, की तुला गेले दोन आठवडे माहीत होतं.”

त्या दिवसापासून टिलीची पिशवी खुर्चीवरून उतरली आणि व्हर्नाच्या गळ्यात गेली. गायीच्या धारा काढताना गळ्यात, पाव भाजताना गळ्यात, खाटकाच्या दुकानात गळ्यात. “व्हर्ना, या वयात?” खाटीक तिच्या पोटाकडे बघून म्हणाला आणि रांगेतली माणसं हसली. “तुझ्या बायकोला विचार, तिला शेवटचं कधी हसू आलं होतं ते,” व्हर्ना म्हणाली आणि मटण न घेताच निघाली. चर्चमध्ये टिलीने प्रार्थना चालू असताना पिशवीतून पाय बाहेर काढला. पाद्रीबाबा मायेने हसले. पुढे ते ‘आंधळ्यांची…’ एवढं म्हणाले असतील नसतील, व्हर्ना मधल्या वाटेने तरातरा बाहेर.

ॲव्हिसशी ती मिठापुरतंच बोलत होती. पण कार्डं फ्रीजवरच होती, आणि हिवाळ्याचा शेवट म्हणजे ट्रकांचे दिवस, पिल्लांचे दिवस. ॲव्हिस स्वतःहून काही करील याची वाट व्हर्नाने आठवडाभर पाहिली. मग एका सकाळी तिने फोन उचलला.

त्या रस्त्यावरच्या अकरा घरांची तार एकच होती. एकीची घंटा वाजली की बाकीच्या दहाजणी पीठ लागलेल्या हातांनी हळूच फोन उचलत. व्हर्नाने ग्वेन हॅकेटचा नंबर मागितला, कारण ग्वेनचा फोन कुणीच सोडत नसे.

“ग्वेन, तुझ्या फ्रीजवर ॲव्हिसचं कार्ड आहे ना? फाड. गायीच्या दुधाने पिल्लांचे डोळे जातात. धुराने नाही, दिव्याने नाही. दुधाने. आणि साय घातली की आणखी लवकर.”

तारेवर कुणीतरी श्वास घेतला.

“मी ऐकत नाहीये,” एक आवाज आला, तो मॉडचा, “पण माझा टेडी दुधावरच वाढला आणि त्याचे डोळे चांगले आहेत.”

“तुझा टेडी आला तेव्हाच तो गवत चावत होता, मॉड. दूध किती दिवस प्याला? पंधरा?”

“तरी पण.”

“आणि त्याच्या आधीची ती? पियानोवर आपटायची ती?”

ग्वेन हळू आवाजात म्हणाली, “अगं व्हर्ना, जिवाला लावून घेऊ नकोस. तुला काय माहीत होतं? तू तर किती मायेने…”

“मला समजावू नकोस!” व्हर्ना इतक्या जोरात ओरडली की पिशवीत टिली उलटीपालटी झाली. “माहीत नव्हतं हे खरंच आहे. पण तेवीस पिल्लांत एकदाही मला विचारावंसं वाटलं नाही, की इतक्यांचे कसे जातात? तुम्ही आंधळ्यांची आई म्हणत होतात आणि मला गोड वाटत होतं. त्याची कीव करू नका. कार्ड फाडा. सगळ्याजणी. मला ऐकू येऊ दे.”

थोडा वेळ नुसती खरखर. मग कुठल्यातरी स्वयंपाकघरात कागद फाटला. मग आणखी एक. मॉडने फाडलं की नाही ते शेवटपर्यंत कळलं नाही.

व्हर्नाने फोन ठेवला तेव्हा ॲव्हिस दारात उभी होती. सगळं ऐकलेलं. ती पूर्वेकडच्या खोलीत गेली आणि दोन दिवस जेवायलाही बाहेर आली नाही. क्लेम ताट घेऊन जायचा. “मरेल ती अशाने,” तो म्हणाला. “नाही मरणार,” व्हर्ना म्हणाली. “ताट रिकामं येतंय.”

सहा आठवडे नुसत्या पावडरीवर गेले. टिलीला दाट करडी लव आली, ती पिशवीतून उतरून स्वयंपाकघरात उड्या मारायला लागली. व्हर्ना रोज तिला खिडकीशी धरून डोळ्यांत बघायची आणि रोज तिला वेगळं दिसायचं. शेवटी तिने बघणं सोडलं आणि गाडी काढली.

कॅलॉवेने खोलीत अंधार केला आणि बराच वेळ बॅटरी फिरवली.

“डावा निवळलाय,” तो म्हणाला. “जवळजवळ स्वच्छ.”

“उजवा?”

“उजवा पांढरा झाला. तो आता नाही यायचा.” मग घाईने, “पण एका डोळ्यावर निभावतात काहीजणी. माळावर सोडता येईल कदाचित. खरं सांगू? नशीब चांगलं तिचं.”

“नशीब!” व्हर्ना म्हणाली. एवढंच. टिलीला पिशवीत घालून ती बाहेर पडली. त्याने दार उघडून धरलं होतं, त्याच्याकडे तिने बघितलं नाही, पण पायरीवर थांबून म्हणाली, “त्या मासिकवाल्यांना लिही. म्हणावं, पुढच्या वेळी चर्चच्या फलकावर लावा. तिथे सगळे वाचतात.”

ॲव्हिस स्वयंपाकघरात बसली होती, टेबलावर हात ठेवून. चुलीवर पाणी तापत होतं, कप दोन मांडलेले. बहुधा दुपारपासून.

“काय म्हणाला?”

“एक.”

“एक वाचला?”

“एक गेला, ॲव्हिस.”

ॲव्हिसने तोंड उघडलं. व्हर्नाने तिला बोलू दिलं नाही. “पहिले पाच आठवडे मी पाजलं. पुढचे दिवस तू. तो नेमका कुणाच्या दुधाने गेला हे कॅलॉवेही सांगू शकत नाही, देवही सांगणार नाही. म्हणून तो आपण दोघींनी निम्मा निम्मा घ्यायचा. तुझा निम्मा तू तुझ्या तोंडाने म्हण. मला ऐकायचंय.”

“मला रडवून तुला काय मिळणार?”

“रडू नकोस. म्हण.”

किटलीचं झाकण उडायला लागलं होतं. दोघींपैकी कुणीही उठलं नाही. ॲव्हिसने टेबलाच्या कडेवरचा पिठाचा वाळका कण नखाने खरवडला, पुन्हा खरवडला. “मला माहीत होतं,” ती शेवटी म्हणाली. “म्हणजे तू सांगितलंस तेव्हा मला वाटलं होतं, की हे खरं असणार. म्हणूनच पाजलं. पाजून डोळे चांगले राहिले असते तर तो खोटा ठरला असता.” ती थांबली. “ती उपाशी होती म्हणून नाही.”

व्हर्नाला वाटलं होतं, हे ऐकलं की आत काहीतरी सैल होईल. झालं नाही. उलट राग आता नीट बैठक मारून बसला, जन्माचा भाडेकरू असल्यासारखा. तिने उठून किटली उतरवली, पिशवी जमिनीवर ठेवली आणि तिचं तोंड सैल केलं.

टिली बाहेर आली. तिने कान फिरवले, एक उडी मारली आणि उजवीकडच्या खुर्चीच्या पायावर तोंड आपटलं. मागे सरली. पुन्हा उडी, पुन्हा तोच पाय.

ॲव्हिस लगबगीने उठली आणि खुर्ची उचलायला वाकली.

“ठेव तिथेच,” व्हर्ना म्हणाली.

“अगं, लागतंय तिला.”

“लागू दे. माळावर तिच्या वाटेतली झाडं उचलायला कोण जाणार आहे, तू? ठेव म्हणते ना.”

ॲव्हिसने हात काढून घेतला. दोघी उभ्या राहिल्या, किटलीतलं पाणी निवत गेलं. टिलीने तिसऱ्यांदा उडी घेतली, नाकावर आपटली आणि फिसकारली. मग ती बराच वेळ जागीच बसली. तिने मान हळूहळू उजवीकडे वळवली, इतकी की डावा डोळा खुर्चीच्या समोर आला, आणि तशीच वाकड्या मानेने, एकेक पाऊल टाकत, त्या पायाला वळसा घालून दाराकडे निघाली.